बॉयलर पेटतो त्याच महिन्यात पायथनही नवं येतं

दर ऑक्टोबरात पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं नवं व्हर्जन निघतं. ३.१२ आलं २ ऑक्टोबर २०२३ ला, ३.१३ आलं ७ ऑक्टोबर २०२४ ला, ३.१४ पुन्हा ७ ऑक्टोबरलाच, २०२५ मध्ये. सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यांचे बॉयलरही त्याच सुमारास, दसऱ्याच्या मागेपुढे पेटतात आणि नोव्हेंबरात गव्हाणीत मोळी पडते. जावा या भाषेची १७, २१, २५ ही तिन्ही मोठी व्हर्जनं सप्टेंबरातली, पीएचपी या भाषेचं नोव्हेंबरात. म्हणजे वजनकाट्याचं आणि ऊस बिलाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला नव्या व्हर्जनची बातमी नेमकी अशा वेळी कळते, जेव्हा चालत्या मशीनला बोटही लावायचं नसतं.

माझ्या मते ही अडचण नाही, सोय आहे. ऑक्टोबरात आलेल्या पायथनला साधारण दर दोन महिन्यांनी दुरुस्ती येते. जून २०२४ मध्ये ३.१२.४ हाताशी होतं, जून २०२५ मध्ये ३.१३.५. गाळप संपून कारखान्यात दुरुस्तीची कामं निघतात तोवर आठ महिने गेलेले असतात. सुरुवातीचे दोष दुसऱ्यांनी सोसून झालेले असतात, बहुतेक लायब्रऱ्यांनी (दुसऱ्यांनी लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड) तयार पॅकेजं काढलेली असतात. म्हणून ऊस धंद्याच्या सॉफ्टवेअरला माझा नियम साधा आहे: जूनमध्ये सर्व्हरवर गेल्या ऑक्टोबरचं व्हर्जन चालेल, काट्यावरच्या पीसीवर त्याच्या आधीच्या वर्षाचं. दोन्हीकडे एकच हवं असेल तर जुनं धरा.

मुळात बदलायचं कशाला? वेगासाठी नाही. ३.११ हे ३.१० पेक्षा सरासरी १.२५ पट वेगवान आहे असं पायथनवाल्यांच्याच चाचण्या सांगतात, आणि ते खरं आहे. पण काट्यावर उभं राहून बघा. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चढतो, ट्रॉली डुलायची थांबते, इंडिकेटरवरचा आकडा स्थिर होतो, ड्रायव्हर चिठ्ठी पुढे करतो, क्लार्क कोड टाइप करतो. या सगळ्यात प्रोग्रामचा वाटा डोळ्याची पापणी लवण्याइतका. पंधरवड्याच्या बिलाला वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागण्यासाठीची सूची, नसल्याने जातो. तिथं भाषा बदलून दोन मिनिटं वाचतील, इंडेक्स लावून वीस. नव्या सिंटॅक्ससाठी, म्हणजे कोड लिहायच्या नव्या पद्धतीसाठी, तर अजिबात बदलू नका. ते बक्षीस समजा, कारण नव्हे.

कारण एकच: मुदत. पायथनच्या प्रत्येक व्हर्जनला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ ला संपली, ३.९ ची ऑक्टोबर २०२५ ला, ३.१० ची संपते ऑक्टोबर २०२६ ला. पण ही मुदत पायथनवाल्यांची. तुम्ही पायथन उबंटू किंवा रेड हॅट या लिनक्स देणाऱ्यांकडून घेतलं असेल तर मुदत त्यांची. उबंटू २२.०४ मध्ये ३.१० आहे, त्याला दुरुस्त्या उबंटूच देतं, २०२७ पर्यंत. रेड हॅट ९ मध्ये ३.९ आहे आणि ते २०३२ पर्यंत सांभाळलं जाणार आहे. त्यामुळे ऑडिटरनं ‘३.९ बाद झालं’ असा शेरा मारला तर आधी विचारा, कुणाचं ३.९? विंडोजवर स्वतः इन्स्टॉल केलेलं असेल तर शेरा बरोबर आहे. रेड हॅटच्या पॅकेजमधलं असेल तर शेरा चुकीचा आहे.

तरीही रेड हॅटच्या भरवशावर २०३२ पर्यंत निवांत बसता येत नाही, कारण लायब्रऱ्या भाषेच्या आधी उठून जातात. आकडेमोडीचं नमपाय आणि त्याच्या आसपासचं कुटुंब पायथनचं व्हर्जन निघाल्यापासून साधारण तीन-साडेतीन वर्षांतच त्याचा हात सोडतं. वेब सॉफ्टवेअर लिहायला वापरतात त्या जँगो लायब्ररीच्या ४.२ ची मुदत एप्रिल २०२६. त्याच्यानंतरचं दीर्घ मुदतीचं जँगो ५.२, ते पायथन ३.१० च्या खाली चालतच नाही. जँगो ६.० ला तर ३.१२ किंवा त्याच्या पुढचंच लागतं. म्हणजे पायथनला पाच वर्षं असली तरी प्रकल्पाला मिळतात तीन, फार तर चार.

इथं एक पूल सापडतो आणि तो वापरावा. पायथन ३.१२ जँगो ४.२ वरही चालतं आणि ५.२ वरही. फक्त ४.२ चं किमान ४.२.८ हवं. म्हणून एका रात्रीत दोन्ही बदलायचे नाहीत. आधी आहे त्या जुन्या पायथनवर ४.२ ची शेवटची दुरुस्ती घ्या, मग पायथन ३.१२ करा, पंधरा दिवस चालू द्या, मग जँगो ५.२. दोन्ही एकदम बदलले आणि बिल चुकलं, तर चूक कुणाची हे शोधायला रात्र जाते आणि सकाळी शेती अधिकारी दारात असतो.

लायब्रऱ्या तयार आहेत का, हे अंदाजानं ठरवू नका. पिपला, म्हणजे लायब्रऱ्या उतरवणाऱ्या हत्याराला, डाउनलोडचा आदेश द्या, पायथनचं नवं व्हर्जन सांगा आणि फक्त तयार बायनरीच घ्यायची सक्ती करा. ज्या लायब्ररीचं तयार पॅकेज नाही तिथं तो लगेच अडखळतो. ही तपासणी न करता थेट इन्स्टॉल करायला गेलात तर पिप सोर्समधून बांधायला जातो आणि विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० लागेल’ अशी तक्रार करून बसतो. तिथं बरेच जण कंपायलर उतरवत बसतात. दुपार जाते. त्या ओळीचा खरा अर्थ एवढाच की या लायब्ररीसाठी तुम्ही लवकर आला आहात. लिनक्सवर जुन्या सेंटओएस ७ चा वेगळा त्रास: ३.१० पासून पायथनला सुरक्षित जोडणीचं ओपनएसएसएल १.१.१ तरी लागतं आणि तिथलं मूळचं १.०.२. पायथन बांधून होतं, सगळं ठीक दिसतं, मग पिप म्हणतो एसएसएल मॉड्यूल नाही. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ लाच संपली आहे, तेव्हा तिथं पायथनशी झटापट करण्यात अर्थ नाही. मशीनच बदला. आणि कुठल्याही लिनक्सवर सिस्टिमच्या पायथनची लिंक नव्याकडे वळवू नका. त्याच्यावर सिस्टिमची स्वतःची हत्यारं चालतात. नवं पायथन शेजारी बसवा आणि प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (त्याच्या लायब्रऱ्यांचा वेगळा फोल्डर) द्या.

काट्यावरच्या पीसीचं दुखणं निराळं. तिथं अजून विंडोज ७ सापडतं, कारण जुन्या मशीनला खरा सिरियल पोर्ट असतो आणि तो धुळीतही नीट चालतो. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८. ३.९ ते ३.१२ ला विंडोज ८.१, ३.१३ पासून विंडोज १०. इन्स्टॉलर नाही म्हणतो म्हणून दुसऱ्या मशीनवरून फोल्डर उचलून आणला, तर ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ नावाची डीएलएल नाही असा निरोप येतो. ती डीएलएल इंटरनेटवरून शोधून टाकू नका. विंडोज नवं केलं की दुसरा घोळ: यूएसबी ते सिरियलच्या जुन्या पीएल-२३०३ केबलला नवा ड्रायव्हर ओळख देत नाही, वजन यायचं थांबतं आणि बोल मात्र पायथनला लागतो. पीसी बदलायचा असेल तर केबलही नवी घ्या आणि आधी टर्मिनल प्रोग्राममध्ये इंडिकेटरचे आकडे दिसतात का ते बघा. मगच आपला प्रोग्राम.

पीसी बदलायला पैसे मंजूर होत नसतील तर काट्याचा प्रोग्राम मुख्य सॉफ्टवेअरमधून तोडून लहान करा. पोर्ट वाचायचा, भरलेलं आणि रिकामं वजन घ्यायचं, सर्व्हरला जेसन या साध्या मजकुराच्या रूपात पाठवायचं. बस. हा तुकडा बाहेरच्या इंटरनेटला न जोडता ३.८ वर आणखी एक-दोन हंगाम काढू शकतो आणि सर्व्हर मोकळा होतो.

आता तालीम. नव्या व्हर्जनवर उडी मारण्याआधी जुन्याच व्हर्जनवर इशारे ऐका. पायथन डेप्रिकेशनचे, म्हणजे पुढे बंद होणाऱ्या गोष्टींचे, इशारे सहसा दडवून ठेवतं. चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्टच्या सेटिंगमध्ये फक्त आपल्या मॉड्यूलसाठी ते इशारे एररमध्ये बदला. सगळ्यांसाठी बदलले तर दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांचाच गोंगाट होतो आणि माणूस कंटाळून ते बंद करतो. ३.१२ ला जाताना नेहमी निघणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: डिस्टयुटिल्स आणि इम्प ही मॉड्यूलं गेली, आणि नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही, त्यामुळे पीकेजी-रिसोर्सेस सापडत नाही अशी ओरड होते. ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट ही जुनी मंडळी गेली. एक इशारा मात्र फसवा आहे. इंडिकेटरच्या ओळीतून आकडा काढायला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) लिहिलेलं असतं आणि स्ट्रिंगच्या आधी ‘आर’ लावायचं राहिलेलं असतं. ३.१२ त्यावर इशारा देतं, पण तो फक्त फाइल कंपाइल होताना, म्हणजे पहिल्यांदा चालवताना. दुसऱ्यांदा कॅशमधली फाइल वापरली जाते आणि इशारा गायब. म्हणून तालमीआधी पायकॅशचे सगळे फोल्डर पुसा.

३.१४ ला जाणाऱ्यांनी बिलाचा प्रोग्राम एकदा उघडून बघावाच. लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगची, म्हणजे काम अनेक प्रोसेसना वाटण्याची, सुरुवात करायची मूळ पद्धत तिथं फोर्कऐवजी फोर्कसर्व्हर झाली आहे. बरेच बिलाचे प्रोग्राम आधी दराचा तक्ता ग्लोबल व्हेरिएबलमध्ये भरतात आणि मग गावनिहाय काम चार प्रोसेसना वाटतात. फोर्कमध्ये मुलांना, म्हणजे या नव्या प्रोसेसना, तो भरलेला तक्ता आयता मिळायचा. आता मुलं मॉड्यूल नव्यानं वाचतात, तक्ता रिकामा असतो. कोड सरळ लिहिला असेल तर एरर येऊन सगळं थांबतं. पण ‘दर नसेल तर शून्य धर’ असं लिहिलेलं असेल तर एरर न येता सगळ्या गावाचं बिल शून्य निघतं. दर प्रत्येक प्रोसेसला सुरुवातीला हातात द्या. विंडोजवर पद्धत पहिल्यापासून वेगळी, म्हणून ज्यांचा प्रोग्राम दोन्हीकडे चालतो त्यांना हा त्रास नाही.

खरी परीक्षा मात्र एकाच गोष्टीची: गेल्या हंगामातला एक पूर्ण पंधरवडा घ्या, त्याच डेटावर जुन्या आणि नव्या व्हर्जनवर बिलं काढा, आणि दोन्ही फाइल्स ओळीला ओळ लावून तपासा. बँकेला जाणारी फाइलही. फरक शून्य हवा. ‘पाच पैशांचा फरक आहे, राउंडिंगचा असेल’ हे ऐकून घेऊ नका. भाषेचं व्हर्जन बदलून पैसे बदलत नसतात. बदलले तर कुठंतरी अचूक डेसिमलऐवजी अंदाजी फ्लोट आहे किंवा एखाद्या लायब्ररीनं वागणूक बदलली आहे. पंधरवडा निवडताना ज्यात तोडणी-वाहतुकीच्या कपाती, शेअरची कपात आणि एखादी रद्द झालेली पावती आहे असाच निवडा. सरळ पंधरवडा काहीच शिकवत नाही.

आता आपल्याकडचं खास दुखणं, मराठी नावांचं. जुन्या सभासद याद्या युनिकोडमध्ये नसतात. श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेलं ‘पाटील’ फाइलमध्ये विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचाच्या चित्रविचित्र अक्षरांच्या रूपात बसलेलं असतं. फाँट लावला की पाटील, नाही तर कचरा. आजवर हे चाललं, कारण प्रोग्राम फाइल उघडताना एन्कोडिंग (बाइटची अक्षरं कुठल्या तक्त्यानं करायची ते) सांगत नव्हता आणि विंडोजवरची भाषाही १२५२ च गृहीत धरत होती. जावानं व्हर्जन १८ पासून हे गृहीतक बदललं आणि सगळीकडे यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचं एन्कोडिंग, केलं. पायथन तेच ३.१५ मध्ये करतं आहे. जावा ८ किंवा १७ वरून २१ वर गेलात आणि फाइलरीडरनं अशी यादी वाचली, तर जी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये बसत नाहीत तिथं तो गपचूप प्रश्नचिन्हाचा चौकोन ठेवतो. एरर नाही. तीच यादी परत सेव्ह झाली की मूळ बाइट कायमचे गेले, फाँट बदलून परत येत नाहीत. पायथन त्या मानानं बरं, सहसा एरर देऊन थांबतं. पण कुणी तरी कंटाळून ‘एरर दुर्लक्षित कर’ असं लिहून ठेवलं असेल, तर नावातली अक्षरं गळतात आणि कदमांचे दम होतात.

यावर उपाय आजच, जुन्या व्हर्जनवर करता येतो. जावा चालवताना फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या आणि काय मोडतं ते बघा. १८ च्या पुढे गेल्यावर घाईत मागची वागणूक हवी असेल तर तिथंच ‘कॉम्पॅट’ असं मूल्य देता येतं, पण ते एका हंगामापुरतं. पायथन ३.१० पासून एक स्विच आहे, वॉर्न डीफॉल्ट एन्कोडिंग नावाचा. तो लावला की एन्कोडिंग न सांगता जिथं जिथं फाइल उघडली ती प्रत्येक जागा दाखवतो. तिथं तिथं स्पष्ट लिहा: जुनी यादी असेल तर १२५२, नवी असेल तर यूटीएफ-८. आणि सवड मिळेल तेव्हा याद्या एकदाच्या युनिकोडमध्ये आणा. हे काम व्हर्जन बदलण्यापेक्षा मोठं आहे, म्हणून दोन्ही एकाच महिन्यात घेऊ नका.

पतसंस्थांचं गणित थोडं वेगळं, कारण तिथं पीएचपी जास्त आणि सगळं काही ३१ मार्चभोवती फिरतं. पीएचपी ८.१ ची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, ८.२ ची आहे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. डिसेंबरची मुदत म्हणजे जानेवारीत घाई आणि मार्चमध्ये रडारड. तेव्हा हिशेब तपासणी आटोपल्यावर, जुलै-ऑगस्टमध्येच उरकून घ्या. ७ वरून ८ वर जाताना दोन जागा नक्की बघा. ७ मध्ये शून्य आणि रिकामी स्ट्रिंग दोन बरोबर-चिन्हांनी ताडून पाहिली तर ती समान ठरत, ८ मध्ये नाही. ‘रक्कम रिकामी असेल तर नोंद करू नको’ ही अट ७ मध्ये शून्य रकमेलाही अडवायची, ८ मध्ये शून्याची पिग्मी नोंद आत जाते. दुसरी जागा ८.१ ची: डेटाबेसशी बोलणारं पीडीओ मायएसक्यूएलमधून पूर्णांक आणताना आधी स्ट्रिंग द्यायचं, आता खरा पूर्णांक देतं. मग खातं चालू आहे का हे कुणी तीन बरोबर-चिन्हांनी स्ट्रिंगमधल्या ‘१’ शी ताडून पाहत असेल, तर सगळी खाती एका रात्रीत बंद दिसू लागतात. पॅसबुक छापायला गेल्यावरच कळतं. प्रोजेक्टमध्ये तीन बरोबर-चिन्हं आणि पुढे अवतरणातला आकडा असं शोधून काढायला दहा मिनिटं लागतात.

तारीख ठरवताना कृष्णामाई विसरू नका. साखरेवाल्यांना जून ते सप्टेंबर मोकळा दिसतो, पण सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की माणसं, वीज, नेट यातलं काहीच हमखास मिळत नाही. २०१९ चा पूर ऑगस्टमधला, २०२१ चा जुलैअखेरचा. म्हणून जूनचे पहिले दोन आठवडे बरे. मंगळवार किंवा बुधवार घ्या. शनिवारी बदलून रविवारी घरी जाणं हे फक्त कागदावर शहाणपणाचं दिसतं, कारण दोष सोमवारी लोक आल्यावरच निघतो.

बदलायच्या दिवशी जुना व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटचा फोल्डर तसाच ठेवा, शेजारी नवा करा आणि सर्व्हिस फक्त नव्याकडे वळवा. परत फिरायचं तर एक ओळ बदलायची. पण परत फिरणं तेव्हाच जमतं, जेव्हा कोड अजून दोन्ही व्हर्जनवर चालतो. म्हणून नवा सिंटॅक्स वापरायला बंदी, आणि चाचण्याही रोज दोन्ही व्हर्जनवर. टीममधल्या उत्साही पोरांना हे पटत नाही. त्यांना नवं काहीतरी वापरायचं असतंच, तर चाचण्यांच्या वेगळ्या फोल्डरमध्ये वापरू द्या. जूनमध्ये बदललेलं खऱ्या भाराखाली येतं थेट नोव्हेंबरात, मोळी पडल्यावर, जेव्हा काट्यावर रात्री दोनलाही रांग असते. तेव्हा बंदी आणि जुना फोल्डर दोन्ही हंगामाचं पहिलं पंधरवडा बिल बँकेत जाईपर्यंत राहू द्या. पैसे सभासदांच्या खात्यात जमा झाले की फोल्डर पुसा आणि पोरांना मोकळं सोडा.